एकतीस नामांची वाट

"घागर भरूनच घ्या बाई," लिंबाजी म्हणाला. "रिकाम्या घागरीला पाऊल लांब पडतं. आपल्याला कोंडाक्काचं पाऊल पायजे."

आमच्याकडे घागर कमरेवर घ्यायची पद्धत. डोक्यावर घ्यायची मला सवय नव्हती. मी पदर खोचला, चुंबळ नीट बसवली आणि महादेवाच्या पायरीवरून उत्तरेकडे तोंड करून निघाले. पौषातली सकाळ होती. पाणी हिंदकळून मानेवरून पाठीत उतरत होतं आणि मी मनात नाम घेत चालले होते. एका पावलाला एक नारायण.

शाळेच्या ओसरीवरून हेडमास्तर नलावडे सरांनी हाक मारली. "उपासनीबाई, आडनावात उपास होताच, आता पाणी भरायचंही धरलंत का?"

"प्रात्यक्षिक आहे, सर," मी म्हटलं, आणि कितवं नाम ते विसरले. पुन्हा पायरीवर यावं लागलं.

"सर, बाईंना बोलाय लावू नका," लिंबाजीनं तिथूनच बजावलं. "माप चुकलं तर भिंत माझ्या न्हाई, तुमच्या डोस्क्यावर यील."

चोविसाव्या नामाला मी थांबले. उजवीकडे, उगवतीला, काटकोनात वळले. सात नामं चालले आणि उभी राहिले. लिंबाजीनं माझ्या पायापाशी पहार रोवली. मग ताळा बघायला मी पहारीपासून पायरीपर्यंत सरळ तिरकी आले. पायरीला पाऊल लागलं तेव्हा पंचविसावं नाम तोंडात होतं.

"जमलं?"

"जमलं."

लिंबाजीनं देवळाकडे बघून हात जोडले. मीही जोडले. घागर उतरवली तेव्हा माझी पाठ भिजून गार पडली होती, पण मला फार बरं वाटत होतं.

ही सगळी खटपट एका विहिरीसाठी होती. शाळेला देवळामागची मोकळी जमीन मिळाली होती आणि तिथे दोन नव्या खोल्या बांधायच्या होत्या. त्या जमिनीच्या पोटात जुनी विहीर आहे, हे गावात सगळ्यांना ऐकून माहीत होतं. चाळीस वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत ती बंद केली. वर लाकडाच्या तुळया, त्यावर फरशी, त्यावर माती. पुढे तिथे नांगर फिरला, बांध मोडले, माणसं गेली. विहीर नेमकी कुठे, हे कुणालाच सांगता येईना.

नलावडे सरांना घाई होती. लिंबाजी गवंडी मात्र ओळंबा खिशात घालून बसून राहिला. "पोटात विहीर ठिवून मी भिंत उचलणार न्हाई," तो म्हणाला. "आज न्हाई तर धा वर्सांनी ती कुणाला तरी गिळंल. आन खोलीत पोरी असतील."

त्या विहिरीचं पाणी भरलेली एकच बाई गावात उरली होती, कोंडाक्का गुरवीण. ऐंशीच्या पुढची, डोळे पार गेलेले. मी आणि लिंबाजी तिच्याकडे गेलो तेव्हा ती अंगणात उन्हाला बसली होती. मी विचारलं तशी तिनं तोंड वर केलं.

"ठावं न्हाई कसं? लगीन होऊन आले आन दुसऱ्या दिवशी सासूनं घागर दिली. देवाला रोज त्याच हिरीचं पानी."

"देवळापासून किती लांब होती हो?"

"सरळ गेलं तर पंचवीस नामं."

"नामं?"

"पावलाला एक नाम घ्यायचं. सासूची शिस्त. म्हनायची, तोंड रिकामं ठिवलं की चहाड्या सुचत्यात." कोंडाक्का हसली. "पर सरळ गेलं की मधी खळं. तितं बैलाच्या चामड्याच्या वाद्या पडल्याल्या. सोवळ्यात वलांडायच्या न्हाईत. मग सणावाराला बांधाच्या कडंनं जायचं. आधी नीट वरच्या अंगाला, म्हंजी उत्तरंला, मग उगवतीला वळायचं. ऊन डोळ्यावर यायचं. तसं गेलं की एकतीस."

"वळण कितव्या नामाला यायचं?"

"ते कोन मोजतंय? बांध वळायचा तितं वळायचं. एकतीस झाली की घागर बुडायची, येवढं ठावं."

मी हातातल्या कागदावर लिहून घेतलं: सरळ २५, वळशाने ३१, वळण काटकोनात. बाहेर पडल्यावर लिंबाजी म्हणाला, "बाई, एवढ्यावर काय हुतंय? वळायचं कुठं तेच म्हातारीला ठावं न्हाई."

"होतं," मी म्हटलं. "दहावीच्या मुलींना येतं एवढं."

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला आणि तिथेच पाटावर बसून मी गणित मांडलं. बांधाची पहिली बाजू क्ष, दुसरी एकतीस वजा क्ष. दोन्हींच्या वर्गांची बेरीज म्हणजे कर्णाचा वर्ग, पंचविसाचा वर्ग, सहाशे पंचवीस. आवरून सावरून उरलं ते, क्ष वर्ग वजा एकतीस क्ष अधिक एकशे अडुसष्ट बरोबर शून्य. पायथागोरसानं आणून वर्गसमीकरणाच्या दारात सोडलं, पुढे सूत्र होतंच. वर्गमूळ नेमकं सतरा आलं, तेव्हा मला हसू फुटलं. कोंडाक्काच्या सासूनं कधी पाटीसुद्धा धरली नसेल, आणि तिच्या नामांना पूर्ण वर्गमूळ होतं. मी उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि कागद देवापुढे ठेवला.

लिंबाजीविषयी सांगायला हवं. तो पन्नाशीचा असेल. कामावर आला की आधी माझ्या आईची चौकशी करायचा. माझ्या आईला आषाढाच्या आधी अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, पण वाचा गेली. ती सांगलीला भावाकडे होती. नुसती बघायची. मी आषाढी एकादशीला देवासमोर वर्षभराचं मौन धरलं होतं, दर एकादशीला सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत. माझी वाणी तू घे, आईची आईला दे, एवढंच मागणं. मधे मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. शाळेच्या दिवशी एकादशी आली की मी फळ्यावर लिहून शिकवायची. मुलींना त्याची गंमत वाटे. त्याही त्या दिवशी चिठ्ठ्या लिहून बोलायच्या.

लिंबाजीला हे कळलं तेव्हा तो बराच वेळ थापी पुसत राहिला. "माझी आई शेवटची तीन वर्सं मुकीच हुती," तो म्हणाला. "मरताना कायतरी सांगत हुती. व्हट हलत हुते. काय म्हनली ते कळलंच न्हाई बगा. तुमी पाळा बाई. मधी सोडू नका."

पहार रोवली तिथे दोन दिवस खणलं. चार फुटांवर कौलांचे तुकडे लागले, राख लागली, भुसभुशीत काळी माती लागली. नलावडे सर धोतर सावरत खड्ड्याच्या कडेला आले.

"भराव! बुजवलेली आहे. बघा, उपासनीबाईंचं गणित म्हणजे गणित."

लिंबाजी खड्ड्यात उकिडवा बसला होता. त्यानं माती मुठीत घेऊन चुरली. "हिरीचा भराव म्हनावं तर दगूड लागाय पायजे. तुळईचं लाकूड तरी."

"चाळीस वर्षांत लाकूड कुजणार नाही का? आता तिथे काँक्रीट भरून घ्या आणि कामाला लागा."

लिंबाजीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "बाई, गणित पक्कं?"

"पक्कं."

"मग झालं," तो म्हणाला आणि खड्ड्यातून वर आला.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती.

सकाळचा पहिला तास दहावीचा. तेरा मुली. आपल्याच गावातलं उदाहरण आहे, मुलींना आवडेल, म्हणून मी फळ्यावर विहीर लिहिली. सरळ पंचवीस, वळशाने एकतीस. वळण कितव्या पावलाला? मुली खाली माना घालून सोडवू लागल्या. मी बाकांमधून फिरत होते. बाहेर कुठेतरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता. विटा यायच्या होत्या.

सगुणा नावाची मुलगी होती, डावखुरी, सगळ्यात आधी उत्तर काढणारी. तिनं हात वर केला. मी तिच्यापाशी गेले. एकादशीचा नियम विसरून ती बोललीच.

"बाई, मी वजा चिन्ह आधी घेतलं. मला क्ष सात आला. मग अधिक घेतलं तर चोवीस आला. यातलं कुठलं खोडायचं?"

तिच्या पाटीवर दोन्ही उत्तरं होती. मी मुलींना वर्षानुवर्षं शिकवत आले होते, की अशा उदाहरणात दोन उत्तरं येतात, एक ऋण असतं, लांबी ऋण नसते, ते खोडून टाका. पुस्तकात तसंच असायचं. माझ्या हाताला त्याचंच वळण पडलं होतं. पाटावर बसून सोडवताना मीही आधी चोवीस काढला, खाली सात आला. सात म्हणजे उरलेली बाजू, तीच ती, असं म्हणून चोविसाखाली रेघा मारल्या होत्या.

"सात खोडू का, बाई?"

मी तिची पाटी घेतली. कोपऱ्यात आकृती काढली. पायरीपासून वर सात. मग उगवतीला चोवीस. कर्ण काढला. पंचवीस. ताळा त्याचाही जमत होता.

त्याच वर्गाच्या खिडकीतून जमीन दिसत असे. पूर्वेच्या फाटकातून विटांची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर उलटा आत येत होता आणि लिंबाजी त्याच्यामागे उभा राहून हातानं खुणावत होता. पायरीपासून वरच्या अंगाला तो फारसा नव्हता. सहा-सात पावलं. उगवतीला मात्र बराच लांब होता.

मी पाटी तशीच घेऊन निघाले. पळाले नाही. त्या काळी बाईमाणूस शाळेच्या आवारात पळत नसे, आणि अजून मला वाटत होतं की वेळ आहे.

लिंबाजीनं मला येताना बघितलं आणि ट्रॅक्टरवाल्याला हात दाखवला. ट्रॅक्टर धडधडत जागीच थांबला. मी पाटी पुढे केली. वर सगुणाच्या अक्षरात ठळक लिहिलेलं होतं: ७, २४. खाली माझी आकृती, घाईत काढलेली.

त्यानं डोळे बारीक केले. आकडे त्याला येत होते. "सात आन चोवीस. तेच की बाई. काल खणलं की आपन."

मी मान हलवली. नाही, नाही. बोटानं सात दाखवला, मग चोवीस.

"व्हय व्हय, चोवीस आन सात. उलटं लिव्हलंय एवढंच."

मी पायाखालच्या जमिनीकडे बोट केलं. त्यानं खाली बघितलं. गवत वाळलेलं, बाकीच्या जमिनीसारखंच.

"हितं विटा नकोत म्हनता? बरं. पोरींच्या वाटंत येत्यात, हाय खरं. आता टाकू द्या, सांच्याला हलवतो."

मी तोंड उघडलं. ओठ सुटले होते, श्वास घेतला होता. मला ते नीट आठवतं, कारण जिभेला थंड वारा लागला. लिंबाजीनं दोन्ही हात वर केले, दारात आलेल्या गाईला थोपवावं तसे.

"अंहं! बाई, तोंड उघडू नका. आज एकादशी न्हवं? सा म्हैनं पाळलंय आईसाठी, आन माझ्या विटांपायी मोडता व्हय? पाप मला लागंल." तो हसत होता. "मी काय कुठं पळून चाललोय? दिवेलागनीला सांगा निवांत."

मी तोंड मिटलं.

लिहायला हवं होतं. चार शब्द लिहिले असते तर पुरलं असतं. पेन्सिल वर्गात राहिली होती. मी वळले आणि शाळेकडे निघाले, झपझप. पेन्सिल आणायची, सरांना बाहेर काढायचं, एवढंच डोक्यात होतं. मागे लिंबाजीचा आवाज आला, "येऊ द्या, येऊ द्या." आणि सवयीनं, माझ्या नकळत, पावलागणिक नाम सुरू झालं. नऊ झाली. दहा झाली. अकरावं अर्धंच झालं होतं. नारा, एवढंच.

मोठा आवाज झाला नाही. भरला रांजण वाळूत टेकवावा, तसा झाला. मग विटा पडल्याचा, बराच वेळ.

मी मागे वळले तेव्हा ट्रॉलीचं मागचं तोंड जमिनीत गेलं होतं आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं वर उचलली होती. चालवणारा उडी टाकून बाजूला पडला होता. धूळ होती. लिंबाजी नव्हता.

मी ओरडले. काय ओरडले ते मला माहीत नव्हतं, नंतर सगुणानं सांगितलं. मी म्हणत होते, "आधी सात! आधी सात!"

त्याला वर काढलं तेव्हा दिवेलागण झाली होती. खाली पुरुषभर पाणी होतं. चाळीस वर्षं झाकलेलं, स्वच्छ. उतरलेल्या लोकांनी सांगितलं, माती खाली बसल्यावर तळापर्यंत दिसत होतं. त्याच्या खिशात ओळंबा तसाच होता.

मी पोलिसांना सगळं सांगितलं, पाटीसकट. त्यांनी लिहून घेतलं, तुळया कुजल्यामुळे अपघात. नलावडे सर म्हणाले, "बाई, तुम्ही तर सावध करायला गेला होतात. सगळ्यांनी बघितलंय." खरंच सगळ्यांनी तेवढंच बघितलं होतं.

तेराव्यानंतर मी एकटीच कोंडाक्काकडे गेले. ती तशीच उन्हाला बसली होती. मी तिच्यापाशी जमिनीवर बसले आणि विचारलं, "कोंडाक्का, बांधाचं वळण लवकर यायचं की उशिरा?"

"लवकर की गं. पायरी उतरली, थोडी पावलं टाकली की वळन. मग सारी वाट उगवतीला." तिनं आंधळे डोळे मिचकावले, जणू अजून त्यांना काही लागत होतं. "तुला सांगितलं हुतं की. ऊन डोळ्यावर यायचं म्हनून."

सांगितलं होतं. कागद माझ्याकडे अजून आहे. सरळ २५, वळशाने ३१, वळण काटकोनात. ऊन मी लिहून घेतलं नव्हतं.

त्याच आठवड्यात भावाचं पत्र आलं. अक्षर आनंदानं वाकडंतिकडं झालं होतं. आई बोलली. एकादशीच्या दिवशी. सगळे आपापल्या कामात होते, आणि आतल्या खोलीतून स्वच्छ आवाज आला, 'पाणी.' वहिनी धावत गेली. आई पाणी प्यायली आणि पुन्हा म्हणाली, 'पाणी.' तुझं व्रत फळाला आलं, ताई.

आई त्यानंतर नऊ वर्षं जगली आणि भरपूर बोलली. जुन्या गोष्टी सांगितल्या, वहिनीशी भांडली, माझ्या केसांना तेल लावताना गाणी म्हणाली. त्या दिवशी ती किती वाजता बोलली हे मी भावाला कधी विचारलं नाही. भाऊ सांगायला लागला की मी उठून स्वयंपाकघरात जात असे.

मौन मी त्या दिवशीच सोडलं. बाकीचे नेमधर्म चालू आहेत, उपास आहेत, पहाटेची पूजा आहे. नाम मात्र पावलाला घेता येत नाही. अकराव्याला अडतं.

नंतरची एकवीस वर्षं मी शिकवलं. एकाही मुलीला दुसरं उत्तर खोडू दिलं नाही. आधी मैदानात जाऊन चालून या, म्हणायची. मुली हसायच्या, पण जायच्या. खोल्या पुढे दुसऱ्या बाजूला बांधल्या. विहिरीला कठडा झाला, रहाट बसला, आणि गाव पुन्हा तिचं पाणी पिऊ लागलं. मीही प्याले. गोड आहे.

आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. मी याच गावात राहिले. एकादशीला देवाजवळ दिवा लागला की मी शाल घेते, महादेवाच्या पायरीपर्यंत जाते. देवळातले लोक समजतात, बाई दर्शनाला आल्या. मी पायरीवर उभी राहते आणि विहिरीकडे तोंड करून बोलते. माझा आवाज मुळातच बारीक, आयुष्यभर सगळे म्हणाले की बाई, जरा मोठ्यानं बोला. तेव्हा मोठ्यानं बोलते.

"लिंबाजी, दिवेलागण झाली. सांगते. आधी सात. मग वळायचं. मग चोवीस."